वेचणीचा भाव आणि ओटीपी

बायकांच्या मोबाइल वापरावरचा एक लेख वाचला. त्यात म्हटलंय, मोबाइल आला की कमावत्या बाईच्या हाती निर्णयही येतो. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडे हे अर्धंच जुळतं. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर बायकांची टोळी जमवणारी मुकादम बाई रात्रीच फोन फिरवते: उद्या कोणाचं शेत, किलोला काय भाव, गाडी किती वाजता. शेजारच्या गावातला भाव विचारून घासाघीसही करते. इथपर्यंत मान्य. पण आधारला जोडलेला नंबर बऱ्याचदा नवऱ्याचा नाहीतर पोराचा असतो, आणि ओटीपी त्याच नंबरवर येतो. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीला (ऑनलाइन ओळख पडताळणीला) बाईच्या ओटीपीसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचाही ओटीपी मागितला, तेव्हा विधवा बायकांनी काय करायचं होतं? फोन किती जणींकडे हे लेखात आलं, सिमकार्ड कोणाच्या नावावर तेही विचारायला हवं होतं.