तिशीनंतरचा बॉलर

गोव्यात फोंड्याला दादा वैद्य चौकाजवळ संध्याकाळी आमचं टोळकं जमतं. काल आग लावली समीरने. "तिशी उलटली की फास्ट बॉलर संपला," म्हणे. "बुमराहला आता जपूनच वापरायचा."

उल्हासकाका स्वतः एकेकाळचे ओपनिंग बॉलर (असं तेच सांगतात). मिरची भजी हातातच राहिली. "आणि इंग्लंडचा अँडरसन रे? शेवटची टेस्ट जुलै 2024, लॉर्ड्सवर. वय 41, विकेटी 704!"

"एक अँडरसन काय दाखवता, काका? त्याच्या बरोबरीचे बाकीचे कुठे गेले ते बघा."

अख्ख्या संध्याकाळीतला बिनतोड मुद्दा हाच होता. चाळिशीत खेळताना दिसतो तो गाळून उरलेला. ज्यांचे गुडघे नि घोटे अठ्ठाविशीतच कुरकुरले, त्यांची नावंही आठवत नाहीत. पण काका ऐकतात कुठे! "न्यूझीलंडचा हॅडली घे. रनअप आखूड केला, डोकं वापरलं. 1990, वय 39, शेवटच्या डावात पाच विकेटी, शेवटच्या बॉलवरसुद्धा!"

"म्हणजे वेग गेलाच ना? आणि अँडरसन 2015 नंतर वनडे खेळलाच नाही. जपला म्हणून टिकला. मी वेगळं काय म्हणतोय?"

स्पिनरांवर भांडण झालंच नाही. मुंबईचा प्रवीण तांबे 41व्या वर्षी आयपीएलमध्ये उतरला, तोवर रणजीही खेळला नव्हता. ऑस्ट्रेलियाचा जुना ग्रिमेट 33व्या वर्षी पहिली टेस्ट खेळला आणि शेवटच्या मालिकेत, वयाच्या 44व्या वर्षी, बरोब्बर 44 विकेटी घेऊन गेला. इथे समीरनेही हात टेकले.

प्राजक्ता फिजिओ आहे, इतका वेळ चहा पीत गप्प होती. "तुम्ही दोघं म्हाताऱ्यांवरच अडलात. पाठ मोडते ती पोरांची. कमरेच्या मणक्यांची हाडं पक्की व्हायला विशी सरत येते. त्याआधी बॉल टाकताना पाठ वाकते, वळते, वर पुढच्या पायाचा दणका. राइट हँडरला तडा बहुतेक वेळा डावीकडे जातो. ऑस्ट्रेलियाचा कमिन्स आठव. 2011 मध्ये अठराव्या वर्षी पहिली टेस्ट, सात विकेटी. दुसरी टेस्ट कधी? 2017, रांचीला!"

"कपिलचं काय मग?" काकांचा हुकमी एक्का. "131 टेस्ट, दुखापतीमुळे एकही चुकली नाही."

"तशी पाठ लाखात एकाची, काका. माझ्याकडे येतात ती पोरं सकाळी अकॅडमीत, दुपारी शाळेच्या मॅचमध्ये, रविवारी टेनिस बॉलच्या टुर्नामेंटमध्ये बॉलिंग टाकतात. दुखलं तर स्प्रे मारून पुन्हा मैदानात."

मला विचाराल तर बुमराहची काळजी करायला अख्खा देश आहे, या पोरांची कोण करतं?

"समीर, तुझा पुतण्या सतराचा ना रे?" प्राजक्ताने विचारलं. "या आठवड्यात किती ओव्हर टाकल्या त्याने?"

"मोजतो कोण, पात्रांव! रविवारी फायनल आहे त्याची."