४४० हर्ट्झ, गोबेल्स आणि बंद खोलीतली बैठक: त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लोकप्रिय गाणी आणि कपडे दर दहा वर्षांनी आपोआप बदलत नाहीत, मूठभर लोक ते बदलतात, आणि त्यामागे सगळ्या जगाची डोकी बिघडवण्याचा डाव आहे. पुढे सात ‘पुरावे’, प्रत्येकापुढे तीन-तीन उद्गारचिन्हं. असले मेसेज मी एरवी न उघडता पुढे सरकते. पण हा वाचून आमच्या आत्याने नातवाच्या कीबोर्डचं ट्यूनिंग (पाश्चात्त्य ‘ए’ या सुराची दर सेकंदाला होणारी कंपनं, म्हणजे हर्ट्झ) ४४०वरून ४३२वर आणलं, आणि ते पोरगं आता क्लासमध्ये कुणाबरोबरच सुरात वाजत नाही. म्हणजे प्रकरण घरापर्यंत आलं. मग म्हटलं, घेऊच एकदा हातात.

मुद्दा पहिला: संगीत बरोबर दर दहा वर्षांनी कूस बदलतं, हा योगायोग असेल का?

योगायोग नाहीच, कारण तसं होतच नाही. ‘साठचं दशक’, ‘ऐंशीचं दशक’ ही आपण मागाहून चिकटवलेली लेबलं आहेत. १९६१ सालचे फोटो काढून बघा, कपडे आणि केस सगळे पन्नाशीतलेच दिसतील. आणि गाण्यांच्या बाबतीत तर हे कुणीतरी चक्क मोजलंय. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या माथियास माउख आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १९६० ते २०१० या काळात आलेल्या गाण्यांपैकी १७,०९४ गाण्यांचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे त्यांनी संगणकाला ‘ऐकवले’ आणि स्वरसंगती कशी आहे, वाद्यांचा-आवाजांचा पोत कसा आहे, याची वर्षागणिक मोजदाद केली. पन्नास वर्षांत तीन मोठ्या उलथापालथी सापडल्या: १९६४, १९८३ आणि १९९१. आधी एकोणीस वर्षांचं अंतर, मग आठ वर्षांचं. यात दहा कुठे आहेत? हे सगळं कुणी ठरवून करत असेल तर त्या माणसाला कॅलेंडर वाचता येत नाही, एवढंच सिद्ध होतं.

या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १९६४ म्हटलं की सगळे म्हणतात, ब्रिटिश बँड अमेरिकेत उतरले आणि संगीत बदललं. आकडे म्हणतात, बदल त्याआधीच सुरू झाला होता, या मंडळींनी येऊन वारा घातला. म्हणजे ज्यांना आपण बदलाचे कर्ते समजतो तेसुद्धा बऱ्याचदा चालत्या गाडीत चढलेले असतात.

आणि १९८३? तिथे अभ्यासक बोट दाखवतात ते सिंथेसायझर, सॅम्पलर आणि ड्रम मशीनकडे. त्यातल्या एकाच यंत्राची गोष्ट सांगते. रोलँड या जपानी कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे तालयंत्र काढलं. त्याचा ड्रम खऱ्या ड्रमसारखा मुळीच वाजायचा नाही, घुमत रेंगाळणारा ‘बूऽऽम’ यायचा. झांजेतून एक चरचर निघायची, कारण आत मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले होते. व्यावसायिक वादकांनी नाकं मुरडली. साधारण १२,००० नग काढून कंपनीने १९८३ साली उत्पादन बंद केलं. मग ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागलं, खिशात फारसे पैसे नसलेल्या पोरांच्या हाती लागलं, आणि हिप-हॉपपासून टेक्नोपर्यंत पुढच्या कित्येक वर्षांचा ताल त्यानेच धरला. असला डाव कोणता कारस्थानी रचेल, की ज्यात आपलंच यंत्र आधी आपटावं लागतं?

मुद्दा दुसरा. हाच तो, ज्याने कीबोर्ड बिघडवला. दावा असा: मानवजात पूर्वी ४३२ हर्ट्झवर गात होती, तीच निसर्गाची, पृथ्वीच्या ठोक्यांशी (म्हणे ८ हर्ट्झ) जुळणारी कंपनसंख्या, १९३९ साली हिटलरच्या प्रचारमंत्र्याने, गोबेल्सने, ती ४४० केली म्हणजे लोक बेचैन आणि हिंसक होतील, आणि पुढच्या प्रत्येक दशकातलं संगीत अधिकाधिक कर्कश का झालं, याचं मूळ इथे आहे.

एकेक धागा ओढू. पूर्वी सगळे ४३२वर गात होते? पूर्वी सगळे कशावरच गात नव्हते. युरोपात गावागणिक, चर्चच्या ऑर्गनगणिक पट्टी वेगळी असायची. फ्रान्सने १८५९ साली कायदा करून मध्यसप्तकातला ‘ए’ ४३५वर बांधला. त्याच शतकात इंग्लंडमधले काही वाद्यवृंद ४५०च्याही वर गेले होते. आजही बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपी संगीत वाजवणारे ४१५ला लावतात आणि युरोपातले अनेक वाद्यवृंद ४४२-४४३ला. यातले कुणी जास्त शांत आणि कुणी जास्त खुनशी असल्याचं ऐकिवात नाही.

४४० नाझींची? योहान शाइब्लर नावाच्या गृहस्थाने श्टुटगार्टला १८३४ साली ४४० सुचवली. गोबेल्सच्या आईवडिलांचाही तेव्हा जन्म व्हायचा होता. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ती १९१७ साली स्वीकारली. १९३९च्या मे महिन्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरली हे खरं, पण ती भरली लंडनला. फ्रान्स, ब्रिटन, हॉलंड, इटली आणि जर्मनी सगळे हजर. चार महिन्यांनी ज्यांच्यात युद्ध पेटायचं होतं त्यांनी एकत्र बसून एकमेकांना हिंसक करायचं ठरवलं, असं समजायचं का?

बरं, मग ४४०च का, याचं उत्तर इतकं साधं आहे की कारस्थानवाल्यांना रडू येईल. ब्रिटनमध्ये त्याआधी ४३९ चालत होती. बीबीसीला रेडिओवरून वाद्यं लावण्यासाठी एक पक्का सूर प्रसारित करायचा होता आणि तो काढायचा होता सेकंदाला दहा लाख वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकापासून. दहा लाखांना १,००० ने भागा, ११ ने गुणा, २५ ने भागा: ४४०. असा गुणाकार-भागाकार करणारी विजेची सर्किटं बनवता येत होती. ४३९ ही मात्र मूळ संख्या, तिचे अवयवच पडत नाहीत, त्यामुळे ती या वाटेने मिळवणं महाकठीण. इंजिनिअरांची सोय, बस्स. मग गोबेल्स यात आला कुठून? लिंडन लारूश या अमेरिकी राजकारण्याच्या गोटातल्या शिलर इन्स्टिट्यूटने १९८८च्या सुमारास ४३२साठी मोहीम चालवली, तिथून ही गोष्ट जोरात फिरली. मोहिमेत इटालियन संगीतकार व्हर्दीचं नाव घेतलं होतं, आणि हो, व्हर्दीने १८८४ साली ४३२ला पाठिंबा दिला होता हे खरंच आहे. पण कशासाठी? पट्टी चढत चालली होती आणि गायकांचे गळे फाटत होते म्हणून. पृथ्वीच्या ठोक्यांसाठी नव्हे.

पृथ्वीचा ठोका हेही एक प्रकरणच. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती कंपनं. आणि सेकंद हे माप निसर्गाने दिलेलं नाही, माणसाने दिवसाचे ८६,४०० तुकडे करून काढलेलं आहे. आपण दिवसाचे एक लाख तुकडे केले असते तर ४३२चा आकडा दुसराच काहीतरी झाला असता आणि त्याच्या पावित्र्याचं काय करायचं हा प्रश्न पडला असता.

राहता राहिला परिणाम. ४४० ते ४३२ हा फरक दोन टक्क्यांहूनही कमी. पेटीवाल्याने गायकासाठी काळी एकवरून पांढरी दोन धरली की प्रत्येक सूर जवळजवळ सहा टक्क्यांनी वर जातो. आत्याच्याच शब्दांत सांगायचं तर “मुलांचं डोकं शांत राहावं म्हणून” ४३२ हवं असेल, तर पट्टी बदलणाऱ्या प्रत्येक गायकाच्या मैफलीत दंगल व्हायला हवी. इटलीत २०१९ साली ३३ जणांवर एक छोटी चाचणी झाली हे फॉरवर्डवाले सांगतात. त्यात ४३२ला नाडीचे ठोके थोडे कमी झाले, रक्तदाबातला फरक दखल घेण्याजोगा नव्हता, आणि करणाऱ्यांनीच तिला प्राथमिक चाचणी म्हटलंय. एवढ्यावर ‘डीएनए दुरुस्त होतो’ इथवर उडी मारायची तर पाय फारच लांब हवेत.

आणि प्रत्यक्षात काय होतं ते त्या क्लासमध्ये ऐकायला मिळालं. शेजारचा कीबोर्ड ४४०ला, आमचा ४३२ला. दोघांनी तोच ‘ए’ दाबला की आवाज दर सेकंदाला आठ वेळा फुगतो आणि बसतो, कान कुरतडल्यासारखा. ‘पृथ्वीचे ८ हर्ट्झ’ म्हणून मेसेजमध्ये ज्यांचा गजर आहे ते अखेर सापडले, ते असे. शिकवणाऱ्या ताईंनी पहिल्यांदा पोरालाच झापलं.

तिसरा आणि चौथा मुद्दा एका दमात उरकते. शेअर बाजार वर गेला की स्कर्ट वर जातात, म्हणून स्कर्टवरून मंदी ओळखता येते म्हणे. रॉटरडॅमच्या इरास्मस विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांनी २०१०मध्ये १९२१ ते २००९चे फॅशन मासिकाचे अंक चाळून हे पाहिलं. काहीएक संबंध सापडला, पण उलट दिशेने: अर्थव्यवस्था आधी हलते, स्कर्ट साधारण तीन वर्षांनी. तीन वर्षं उशिरा येणाऱ्या पाहुण्याला भविष्य विचारायचं का? चौथा, फॅशन दर २० वर्षांनी परत येते, हे ‘लेव्हरचा नियम’ म्हणून सांगितलंय. फॅशनचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स लेव्हरने १९३७ साली लिहिलं त्यात वीस वर्षांपूर्वीचे कपडे ‘हास्यास्पद’ दिसतात असं आहे. तीस वर्षांनी ते गमतीदार वाटतात, शंभराने रोमँटिक, दीडशेने सुंदर. परत येण्याचं वेळापत्रक त्याने दिलेलंच नाही.

पाचवा मुद्दा: १९९१ साली एका बंद खोलीत संगीत कंपन्यांनी ठरवलं की गुन्हेगारीची भलामण करणारं रॅप पुढे आणायचं, म्हणजे अमेरिकेतले नफ्यासाठी चालणारे खासगी तुरुंग भरतील. याचा उगम २०१२ साली इंटरनेटवर आलेलं एक निनावी पत्र. लिहिणारा निनावी, जागा निनावी, हजर असलेले निनावी. पण १९९१ साली खरंच काहीतरी बदललं, आणि ते उघड्यावर बदललं. तोवर बिलबोर्डच्या याद्या कशा व्हायच्या? दुकानांना फोन करायचा, तिथला माणूस सांगेल काय खपलं ते लिहून घ्यायचं. त्याच्या आवडीनिवडी आल्या, कंपन्यांचे लाड आले, आणि ‘असलं’ (रॅप, कंट्री) संगीत किती खपतं हे नीट न सांगणं आलं. २५ मे १९९१पासून अल्बमची यादी साउंडस्कॅनवर, म्हणजे गल्ल्यावर स्कॅन होणाऱ्या बारकोडवर बनायला लागली. महिन्याभरात एन.डब्ल्यू.ए. हा रॅप गट पहिल्या क्रमांकावर. आणि सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्स या कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाचं गाणाऱ्या गायकाचा अल्बम आल्या आल्या थेट पहिला. लोक हे आधीही विकत घेत होतेच, आता ते मोजलं जायला लागलं. बंद खोलीतल्यांनी गार्थ ब्रुक्सकडून कोणते तुरुंग भरायचे ठरवले होते, ते त्या पत्रात नाही. (वरच्या अभ्यासातही १९९१ची उलथापालथ सर्वांत मोठी आहे. हॉट १००ची मोजणी त्याच वर्षाअखेरीस बदलली, त्यामुळे तिच्यात खरा बदल किती आणि नव्या तराजूचा किती, हा प्रश्न रास्त आहे. फॉरवर्डने हा विचारला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.)

सहावा: आजची सगळी गाणी सारखीच वाटतात, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. इथे थोडं मान्य करावं लागतं, दात-ओठ खात. २०१२ साली स्पेनमधल्या संशोधकांनी १९५५ ते २०१० मधली ४,६४,४११ ध्वनिमुद्रणं तपासली. आवाजाची पातळी चढत गेली, वाद्यांच्या पोतातलं वैविध्य घटलं, एका सुरावरून दुसऱ्यावर जायच्या वाटा कमी झाल्या, असं त्यांना आढळलं. पातळीचं तर कुणालाही पटेल, जुनं आणि नवं गाणं लागोपाठ लावलं की हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. पण माउखच्या अभ्यासात असं सतत घसरत जाणं दिसत नाही. वैविध्याचा तळ दिसतो १९८६च्या आसपास, आणि त्यानंतर ते पुन्हा वाढतं. म्हणजे ज्या ऐंशीच्या दशकाच्या आठवणीने हा मेसेज लिहिणारा गहिवरलाय, सारखेपणा तिथेच सर्वाधिक होता.

सातवा आणि शेवटचा: डिझायनर ठरवतात, बायका मुकाट घालतात. ठरवायचा प्रयत्न होतो, नाही कशाला म्हणू. १९७० साली अमेरिकेत तो अगदी साग्रसंगीत झाला. मिनी स्कर्टचे दिवस संपले, आता पोटरीपर्यंतचा मिडी, असं उद्योगाने जाहीर केलं. ‘विमेन्स वेअर डेली’ या धंद्यातल्या वजनदार वर्तमानपत्राने, म्हणजे त्याचा प्रकाशक जॉन फेअरचाइल्डने, ‘लाँगेट’ हे नाव देऊन तो लावून धरला, दुकानांनी माल भरला, काही ठिकाणी विक्रेत्या मुलींना तोच घालायला लावला. बायकांनी काय केलं? ‘फाइट अगेन्स्ट डिक्टेटिंग डिझायनर्स’ नावाचा गट काढला, ‘गर्ल्स अगेन्स्ट मोअर स्कर्ट’ नावाचा दुसरा काढला, सह्या गोळा केल्या, निदर्शनं केली. मिडी दुकानात पडून राहिला, धंद्याला मोठा फटका बसला. आणि पुष्कळ जणींनी मिनी-मिडीचा वादच बाजूला ठेवून सरळ पँट विकत घेतली.