एकच वार म्हणजे खून नाही?

तुमच्या लेखातलं 'एकच वार असेल तर अपिलात ३०२ टिकत नाही', म्हणजे खुनाचं कलम टिकत नाही, हे वाक्य पटलं नाही, आणि ते लोकांची दिशाभूल करणारं आहे. १९५८ चा विरसा सिंग खटला आठवा. पंजाबात पोटात भाल्याचा एकच वार झाला, आतडी बाहेर आली, माणूस दुसऱ्या दिवशी गेला. सुप्रीम कोर्टाने खुनाची शिक्षा कायम ठेवली. निकाल लिहिणारे न्या. व्हिव्हियन बोस आपल्या नागपूरच्या हायकोर्टातून वर गेलेले. त्यांनी वार मोजले नाहीत. तीच जखम करायचा हेतू होता का आणि ती सर्वसाधारणपणे मरण यायला पुरेशी होती का, हे पाहिलं.

मी २२ वर्षं एका फौजदारी वकिलांकडे अपिलांची पेपरबुकं (खटल्याच्या कागदपत्रांचे संच) लावली. साहेब आधी पोस्टमॉर्टेमचा १७ नंबरचा रकाना उघडायचे: जखम कुठे, किती खोल. मग पंचनामा: चाकू आरोपीने घरून आणला, की भांडणात गाडीवरचा कांदे चिरायचा हाताला लागला? प्रकरण कलम ३०४ वर, म्हणजे खुनाहून कमी अशा सदोष मनुष्यवधावर येतं ते बहुतेक या दुसऱ्या प्रकारात, अचानक उसळलेल्या भांडणात. तेही गैरफायदा किंवा क्रूरपणा नसेल तरच. नव्या भारतीय न्याय संहितेत ३०२ आणि ३०४ चे आकडे १०३ आणि १०५ झाले, कसोटी तीच आहे. मेलेल्याची आई निकालाच्या दिवशी 'एकच तर वार होता' हे ऐकून कोसळते, ते मी पाहिलंय. कृपया ते वाक्य दुरुस्त करा.