वायरमनला लायसन, स्लॅबवाल्याला काय?

थोडं लांब लिहितोय. गावाला घर बांधायला काढलेल्या चाकरमान्यांनी तरी वाचा.

गेल्या वर्षी देवगड तालुक्यात आमच्या घराचं काम चालू होतं. मिरगाच्या आत स्लॅब पडायला हवा म्हणून सगळी घाई. परांचीचा बांबू सरकला आणि गवंडी खाली चिऱ्यांच्या ढिगावर आला. खुबा मोडला. गोव्याला बांबोळीच्या हॉस्पिटलात नेलं, वाचला, पण परत परांचीवर चढेल असं वाटत नाही. कंत्राटदार म्हणाला, "तो माझो माणूस न्हय, सेंट्रिंगवाल्यान आणलेलो." सेंट्रिंगवाल्याचा फोन बंद. सुरुवातीला मी लेखी कराराचं काढलं, तेव्हा हा कंत्राटदारच म्हणालेला, "कागद कित्याक होयो? मी खंय पळान जातलंय?" पळाला नाही, हे खरं. देण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं एवढंच.

घराचं वायरिंग करणाऱ्या ठेकेदाराला सरकारी लायसन लागतं. रिक्षावाल्याला बॅज लागतो. सरकारी मोरी बांधायची तर सार्वजनिक बांधकाम विभागात नोंदणी हवी. आणि आपल्या डोक्यावरचा स्लॅब ओतणाऱ्याला? एक मिक्सर आणि मोबाइल. महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, तेही इथे कामाचं नाही, ते विकायला बांधलेल्या प्रकल्पांसाठी. फ्लॅटवाल्याला ताबा घेतल्यापासून 5 वर्षं बांधकामातल्या दोषाबद्दल बिल्डरला धरता येतं. स्वतःच्या परड्यात घर बांधणाऱ्याला तो आधार नाही.

कामावर मजुराला अपघात झाला तर द्यायच्या भरपाईचं सूत्र 1923 च्या कायद्यातून आलंय. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. चाळिशीच्या माणसासाठी तो 184.17. मजुरी 15,000 धरली तर 13 लाख 81 हजारांच्या वर जातं. आमच्याकडच्या कुठल्या छोट्या कंत्राटदाराच्या घरात एवढी रोकड असते? म्हणून तर विमा. मजुरांची भरपाई पॉलिसी वेगळी आणि कामाची 'ऑल रिस्क' पॉलिसी वेगळी, यातच बरेच जण फसतात. दुसरीत वादळ, पूर, चोरी, शेजाऱ्याच्या घराचं नुकसान येतं. पडलेला मजूर त्यात येत नाही. अर्थात 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं, तेव्हापासून ती दुसरीही मला चैन वाटत नाही.

बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची तर 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आमच्या गवंड्याला तो कुणी दिलाच नव्हता. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा. तोही नव्हता. वीस रुपये!

पण सगळं कंत्राटदारावर ढकलून मी मोकळा होत नाही. चौरस फुटामागे 50 रुपये पाडून घेतले म्हणून मीच मुंबईला ऑफिसात फुशारकी मारली होती. ते पन्नास तो कुठून काढणार होता? सिमेंट कमी केलं असतं तर मला दिसलं असतं. विमा नाही, हे दिसत नाही.

आता कंपाउंडचं काम काढलंय. दर विचारायच्या आधी पॉलिसी मागतो, आणि हप्ता एस्टिमेटमध्ये लावा म्हणून सांगतो. पहिल्या दोघांनी परत फोनच केला नाही. तिसऱ्याने आणली, चार मजुरांची. मी मोजलं, कामावर आठ होते. "उरलेल्यांचं काय?" तर म्हणे, ते रोज येत नाहीत.

काम थांबवलंय सध्या.