"टच नाही तर फाऊल कसला?" असं म्हणणाऱ्यांसाठी

सध्या बास्केटबॉलची एक क्लिप जिकडेतिकडे फिरतेय. डिफेंडर समोरच्याच्या डोळ्यांपुढे तळहात धरून उभा आहे, रेफरी शिट्टी मारून टेक्निकल फाऊल देतो, आणि खाली लिहिलंय की टच झालाच नाही तर फाऊल कसला, अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये डिफेंडर शेन बॅटियर स्टार शूटर कोबी ब्रायंटला हेच करायचा, हा फाऊल असेल तर मग शॉट कॉन्टेस्ट करणंही (म्हणजे शूटरसमोर हात वर करून शॉट अवघड करणं) बंद करा, आणि निदान आधी वॉर्निंग तरी द्यायची होती. वाचायला पटतं म्हणून लोक धडाधड पुढे ढकलतायत. मी रेफरी म्हणून बरीच वर्षं मॅचेस घेतोय आणि हाच कॉल दिल्यावर आरडाओरडा ऐकलाय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

टच नाही तर फाऊल नाही, हे पर्सनल फाऊलपुरतं ठीक आहे. टेक्निकल फाऊल ही वेगळीच जात आहे, प्लेअरचा टेक्निकल म्हणजे मुळातच बिनटचचा, वागणुकीचा फाऊल. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांत आर्टिकल 36 मध्ये त्याची जी उदाहरणं दिलीयत त्यात हे सरळ लिहिलंय, की डोळ्यांजवळ हात हलवून किंवा हात धरून समोरच्याची नजर अडवायची नाही. 'किंवा धरून' हे शब्द नीट बघा, कारण "हात तर हललाच नाही" हाही एक आवडता बचाव असतो. हात दगडासारखा स्थिर असला तरी नजर अडतेच ना. उलट बोट खरंच डोळ्याला लागलं असतं तर प्रकरण वेगळं झालं असतं, मग तो कॉन्टॅक्टचा फाऊल.

हे एवढं गंभीर का घ्यायचं, तर एक प्रसंग सांगतो. शाळेच्या मुलांची मॅच, मी बास्केटखालचा रेफरी (लीड) होतो. बॉल कोर्टाच्या पलीकडच्या बाजूला, विंगवर, त्यामुळे सगळं पब्लिक तिकडे बघतंय, आणि इकडे पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, एका मुलाच्या मागे उभा राहिलेला डिफेंडर खांद्यावरून हात पुढे काढून त्याच्या डोळ्यांसमोर चार बोटांवर पंजा धरून उभा. स्पर्श अजिबात नाही. तो मुलगा मान डावीकडे नेतो, पंजा डावीकडे, उजवीकडे नेतो, पंजा उजवीकडे. मी शिट्टी तोंडात धरेपर्यंत पास आला, त्या मुलाला तो दिसलाच नाही, बॉल थेट नाकावर. बॉक्सिंगमध्येसुद्धा माणसाला येणारा ठोसा दिसतो हो. मी टेक्निकल दिला आणि बाहेरून ओरडा सुरू झाला की हात तर लागलाच नाही, कारण ओरडणाऱ्यांपैकी कोणीच तिकडे बघत नव्हतं.

आता बॅटियर. तो कोबी ब्रायंटच्या शॉटच्या वेळी बॉल ब्लॉक करण्याऐवजी चेहऱ्यासमोर हात न्यायचा हे खरं आहे, 2009 मध्ये यावर बरंच लिहूनही आलं होतं. पण एनबीएचा नियम वेगळा आहे, तिथे ज्याच्याकडे बॉल नाही अशाला मागून गार्ड करताना डोळ्यांसमोर हात धरला तर टेक्निकल मिळतो. कोबीच्या हातात बॉल असायचा, म्हणून ते चालून गेलं. म्हणजे माझ्या मॅचमधला प्रकार एनबीएतही टेक्निकलच ठरला असता! फिबाच्या वाक्यात तर बॉल कोणाकडे आहे याची अटच नाही. एका लीगच्या नियमाने दुसऱ्या नियमाच्या मॅचमधला रेफरी चुकीचा ठरवायचा, हे काही बरोबर नाही.

मग कॉन्टेस्ट बंद? अजिबात नाही. कॉन्टेस्ट करताना हात बॉलकडे जातो, सरळ वर जातो, त्यात शूटरला क्षणभर बास्केट दिसलं नाही तर तो खेळाचा भाग आहे. मी बघतो ते एवढंच, की हात कोणाच्या मागे चाललाय, बॉलच्या की डोळ्यांच्या. बॉल खाली गेला, बाजूला गेला, पास झाला, तरी पंजा तोंडासमोरच राहिला तर उत्तर मिळालं. यात रेफरीचा अंदाज येतोच, पण सगळ्याच जजमेंट कॉलमध्ये तो येतो.

वॉर्निंगचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि नेमका तोच अर्धवट फिरतोय. फिबाच्या अधिकृत इंटरप्रिटेशनमध्ये शूटरचं लक्ष उडवण्याबद्दल वेगळं सांगितलंय, म्हणजे डोळ्यांसमोर हात हलवणं, जोरात ओरडणं, पाय आपटणं, जवळ टाळ्या वाजवणं हे सगळं. तिथे शूटरचं नुकसान झालं का हे बघतात. बास्केट झाली तर वॉर्निंग, ती कोचलाही कळवायची, आणि त्या टीममधल्या कोणालाही असल्याच वागण्यासाठी आधी वॉर्निंग मिळालेली असेल तर थेट टेक्निकल. बास्केट हुकली तर पहिल्याच वेळी टेक्निकल. म्हणजे "आधी वॉर्निंग द्यायलाच हवी" असा सरसकट नियम नाहीच. किरकोळ असेल तर आम्ही बहुतेक वेळा खेळता खेळताच "हात खाली घे रे" म्हणून मोकळे होतो, ते कोणाला ऐकू जात नाही एवढंच.

आणि शिक्षा काही करिअर संपवणारी नाहीये, फिबामध्ये एक फ्री थ्रो आणि मग खेळ जिथे थांबला होता तिथून सुरू. फक्त तो प्लेअरच्या आणि टीमच्या फाऊलमध्ये धरला जातो, आणि त्याच प्लेअरला दुसरा टेक्निकल मिळाला तर तो बाहेर.

माझ्या मते निम्मा घोळ शब्दाचा आहे. कोच "फेस गार्ड कर" म्हणतात तेव्हा त्यांना हवं असतं की बॉलकडे न बघता आपल्या माणसाकडे तोंड करून चिकटून राहा, त्याला पासच मिळू देऊ नको. हे शंभर टक्के कायदेशीर आहे, डिफेंडरने बॉलकडे बघावं असं कुठेही लिहिलेलं नाही. पण पोरं "फेस" ऐकतात आणि हात तोंडावर नेतात. त्यांना डिनायचा, म्हणजे पास अडवायचा, हात कुठे ठेवायचा ते दाखवा, पासच्या रस्त्यात, अंगठा खाली, तळहात बॉलकडे.