सात रस्त्यावर ट्रम्प येत नाही

लोकशाहीसाठी काहीतरी करावं असं वाटतंय ना? उठायची गरज नाही, मोबाइल चार्ज करून ठेवा.

न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रात्री ११:३५ ला टीव्हीवर विनोदवीर टेबलामागे बसून राष्ट्राध्यक्षांची सालटी काढतो, तेव्हा सोलापुरात सकाळचे ९:०५ झालेले असतात. म्हणजे तिकडचा झोपेआधीचा संताप आपल्याला शेंगाचटणी आणि कडक भाकरीबरोबर मिळतो. हसा. भिंतीपलीकडच्याला ऐकू जाईल असं हसा. ट्रम्पला खुशाल नावं ठेवा, तो काही आपल्या सात रस्ता चौकात गाठून ‘काय बे, लई बोलायलास?’ म्हणणार नाही.

एक पथ्य पाळा. हसून झालं की थांबा. २०१४ मध्ये जॉन ऑलिव्हर या तिकडच्याच एका विनोदवीराने इंटरनेट सगळ्यांना समान मिळावं म्हणून प्रेक्षकांना सरकारी आयोगाकडे हरकती नोंदवायला सांगितलं, तर लोकांनी खरंच नोंदवल्या! आयोगाचं संकेतस्थळ धापा टाकायला लागलं. असला आचरटपणा आपल्याला शोभत नाही. उजनी धरण काठोकाठ भरतं आणि नळाला चार-चार दिवस पाणी नसतं, म्हणून आपण कधी अर्ज लिहिलाय का?

याच ऑलिव्हरचा नरेंद्र मोदींवरचा भाग फेब्रुवारी २०२० मध्ये हॉटस्टारवर आलाच नाही. तो शोधत बसू नका. ट्रम्पवरचे चिक्कार आहेत.

सीबीएस या अमेरिकी चॅनलच्या मालक कंपनीने ट्रम्पने ठोकलेला दावा मिटवायला त्याच्याशी १ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली. स्टीफन कोलबेअर या त्यांच्याच रात्रीच्या विनोदवीराने तिला त्याच चॅनलवर लाच म्हटलं, आणि काही दिवसांतच, जुलै २०२५ मध्ये, त्याचा कार्यक्रम पुढच्या मे महिन्यात बंद होणार असं जाहीर झालं. कारण निव्वळ आर्थिक, असं चॅनलने सांगितलं. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर केवढा शोक! ‘अभिव्यक्ती संपली’ म्हणून हात जोडलेले अकरा इमोजी. त्याच आठवड्यात एकाने वाढदिवसाच्या फ्लेक्सवर साधा विनोद टाकला. भाऊंच्या फोटोखाली एवढंच, ‘यांच्या हसण्याइतकं तरी पाणी सोडा.’ चार मिनिटांत ॲडमिनने उडवला. वर ‘ग्रुपचे नियम वाचा’. शोक करणाऱ्यांपैकी सहा जणांनी अंगठा दिला. (सातवा माझा.)

आपलाही रात्रीचा कार्यक्रम आहे, पण तो दीड वाजता सुरू होतो. ‘अहो, उठा, पाणी आलं!’ गल्लीभर मोटारी घुरघुरतात, बनियनवरची माणसं पाइप धरून उभी राहतात आणि मग भाऊ, साहेब, इंजिनीअर, कुणालाच सोडत नाहीत, तेही नावानिशी. ॲडमिन तर सगळ्यात पुढे. तुम्हीही या, फक्त मोबाइल घरी ठेवून या.