‘जरा अभ्यास करून लिहीत जा’ म्हणणाऱ्या वाचकास

अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराच्या, प्रश्नांवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक करदाता’ या नावाने भलीमोठी प्रतिक्रिया आली आहे. सार असं: आमदार-खासदारांचे लेखी प्रश्न म्हणजे नुसते कागदी घोडे, उत्तरं ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ छापाची, यातून सरकारचा एक रुपया वाचत नाही, शिवाय लेखातला एक आकडा चुकलाय. आणि शेवटी, ‘जरा अभ्यास करून लिहीत जा.’

आकड्याचं तुमचं बरोबर. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या २००५ च्या प्रकरणात हकालपट्टी झालेले अकराही जण मी लोकसभेचे करून टाकले होते. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा. चूक माझीच.

आता अभ्यास.

करदाते साहेब, एका जिल्हा कार्यालयात चौदा वर्षं मी एलएक्यूचं, म्हणजे विधानसभेतल्या प्रश्नांचं, टेबल सांभाळलंय. ‘हे खरे आहे काय?’ ही ओळ तुम्ही छापून आल्यावर वाचता. तिच्याखाली ‘अंशतः खरे आहे’ लिहिणारा माणूस मी होतो. संध्याकाळी सहाला, डबा पिशवीत भरून झाल्यावर, कागद यायचा: ‘विधानमंडळ कामकाज, अत्यंत तातडीचे’. मग तालुक्यांना फोन, आणि रात्री अकरापर्यंत प्रपत्रं भरणं.

एका उन्हाळ्यानंतर टँकरच्या खेपांवर प्रश्न आला. माहिती गावनिहाय हवी होती. लॉगबुकं मागवून बिलांशेजारी ठेवली, तर एकच टँकर एकाच दुपारी तालुक्याच्या दोन टोकांना पाणी ओतत होता! तोवर ती बिलं लॉगबुकाशी कुणी ताडून पाहिलीच नव्हती. सभागृहात उत्तर गेलं ते चार ओळींचं, गुळमुळीत. (ते गुळमुळीत करण्याचं कामही माझ्याकडेच होतं, लपवत नाही.) पण इकडे कंत्राटदाराचं पुढचं बिल अडकलं, ते त्या प्रश्नामुळेच. छापील चार ओळींत हे तुम्हाला कुठून दिसणार? आणि तुम्ही मला अभ्यास शिकवणार?

१९५७ मध्ये राम सुभग सिंग यांनी लोकसभेत आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडाच्या कंपन्यांत घातलेल्या पैशाबद्दल विचारलं. सरकारचं उत्तर टोलवाटोलवीचंच होतं. खासदार फिरोझ गांधींनी ते धरून ठेवलं, चौकशीला छागला आयोग बसला, आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावं लागलं. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात तर प्रश्नोत्तराचा तासच वगळला. उरली ती लेखी उत्तरं. टाळेबंदीत जीव गमावलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी ठेवलेलीच नाही, हे सरकारने त्यांतच लिहून दिलं. तुमच्या मते हा कागदी घोडा. असेल. पण ‘माहिती नाही’ हे सरकारकडून लेखी घेणं सोपं नसतं, हे टेबलावर बसल्याशिवाय कळायचं नाही.

उत्तरं वर्षभराने येतात, मंत्री आश्वासनं देऊन विसरतात, वगैरे तुमचे बाकीचे मुद्दे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहेत. त्यांत शिरत नाही.

प्रतिक्रिया जरूर द्या, फक्त स्वतःच्या नावाने दिलीत तर बरं. राज्यसभेची दुरुस्ती लेखात आजच केली आहे.